आकाशाची रोजकीर्द

वैशाखातील दुपार. बाजारपेठेतील पेढीसमोर हरभऱ्याची पोती थप्पीला लावलेली असतात. ऊन कडक, वारा पडलेला. वृद्ध मुनीमजी क्षितिजाकडे एकवार पाहतात आणि हमालांना ताडपत्री काढण्यास सांगतात. पाऊण तासात टपोरे थेंब कोसळू लागतात. पोती मात्र कोरडीच राहतात. पेढीवरील मुलांना हा चमत्कार वाटतो. वस्तुतः तो चमत्कार नव्हे. दाणा दाताखाली धरून त्याचा ओलावा ओळखावा, तशीच ही ढगांची पारख आहे. आणि ती मुलांनाही साधते.

ढगांना आज जगभर रूढ असलेली नावे एका व्यावसायिकानेच दिली. लंडनचा ल्यूक हॉवर्ड हा औषधे व रसायने तयार करण्याचा व्यवसाय करीत असे. आकाश न्याहाळणे हा त्याचा छंद होता. १८०२ मध्ये त्याने आपले निरीक्षण एका अभ्यासमंडळापुढे मांडले. कुरळ्या केसांसारखे ते सिरस, राशीसारखे ते क्युम्युलस आणि थरासारखे ते स्ट्रॅटस, अशी लॅटिन नावे त्याने योजली. त्याच पायावर आज ढगांचे १० मुख्य प्रकार मानले जातात.

सर्वांत उंचावर पांढऱ्या पिसांसारखे सिरस असतात. ते हिमकणांचे बनलेले असून स्वतः पाऊस देत नाहीत. अशाच उंचीवर पातळ पडदा पसरला की सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. हे खळे पाहून लगेच छत्री घेण्याचे कारण नाही. पुढे ढग दाट होत खाली उतरतात का, एवढे पाहावे. मधल्या उंचीवर सकाळीच किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे ढग उभे दिसले, तर दुपारनंतर गडगडाटाचा संभव असतो. खालच्या उंचीवरचा करडा, एकसारखा थर म्हणजे स्ट्रॅटस. त्यातून फार तर भुरभुर पडते. घाटात तो जमिनीला टेकला की त्यालाच धुके म्हणतात. दाट, काळसर मळभ सूर्याला पूर्ण झाकून टाकते, तेव्हा तासन्‌तास संततधार लागू शकते. तो ढग निम्बोस्ट्रॅटस.

सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते कापसाच्या ढिगाऱ्यासारख्या क्युम्युलसकडे. त्याचा तळ सपाट असतो. तो रुंद व बुटका राहिला, तर हवा चांगली राहते. मात्र फुलकोबीसारखा फुगत तो रुंदीपेक्षा उंच वाढू लागला, तर सरीची शक्यता असते. माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा झाला की तो क्युम्युलोनिम्बस, म्हणजेच विजांचा ढग. वळवाचा आणि परतीचा पाऊस बहुधा हाच ढग आणतो.

येथे पारख केवळ पोत्यांपुरती उरत नाही. ती जीव वाचवते. वीज चमकताच सेकंद मोजावेत. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत चमकलेली असते. अशा वेळी खेळ अर्धवट टाकून, मैदान व गच्ची सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विजेच्या पूर्वसूचनेसाठी तयार केलेले ‘दामिनी’ ॲप वडीलधाऱ्यांच्या भ्रमणध्वनीत असावे.

पारख एका दिवसात येत नाही. पेढीवर जशी रोजकीर्द, तशी मुलांनी आकाशाची वही ठेवावी. सकाळी व दुपारी ढगाचा आकार, उंची आणि झालेला बदल लिहावा. पुढे स्वतःचा अंदाज नोंदवावा. संध्याकाळी प्रत्यक्ष काय घडले ते समोर मांडावे. अंदाज चुकला तर खाडाखोड करू नये. खोटी नोंद हिशेब बिघडवते, आणि खरी चूक पुढची पारख पक्की करते. मुनीमजींची नजरही अशाच अनेक चुकलेल्या अंदाजांतून तयार झालेली असते.