गाडी मधेच थांबते तेव्हा पुढच्या केबिनमध्ये काय चालतं?



किलवणी असो, सिल्वासा असो की खानवेल, आपल्या भागात रेल्वेचा एक रूळही नाही. तरी आपलं सासर-माहेर, मुंबईचे डॉक्टर, मुलांची कॉलेजं हे सगळं वापीच्या फलाटावरूनच जोडलेलं आहे. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरपैकी जेमतेम ४ किलोमीटर दादरा नगर हवेलीतून जाणार आहेत, पण तिचंही स्थानक वापीलाच. म्हणजे मेमू पकडा, एक्स्प्रेस पकडा, विरार-बोरिवलीला उतरून लोकल पकडा, हे काही सुटत नाही.

आणि अशा प्रवासात कधीतरी गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबते. पंखे बंद होतात. पाच मिनिटं जातात, दहा जातात. कुणीतरी म्हणतं, "ड्रायव्हर झोपला की काय!" तर या वेळच्या सदरात तो ड्रायव्हर त्या दहा मिनिटांत नेमकं काय करत असतो, ते पाहू.

आधी एक गोष्ट. लोकलचा मोटरमन किंवा मेमूचा लोको पायलट हा चालता-फिरता मेकॅनिक नसतो. बिघाड दुरुस्त करणं हे कारशेडचं काम. त्याच्यापुढे प्रश्न तीनच असतात: गाडी पुढे नेणं सुरक्षित आहे का? बिघडलेला भाग बाजूला काढून बाकीच्यावर चालेल का? आणि नसेल चालणार, तर मदत कुठून मागवायची? आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर बंद पडल्यावर हेच करतो. आधी सेवा सुरू करा, मूळ कारण नंतर शोधा. फरक इतकाच, की आमच्या मागे दोन-तीन हजार माणसं दाटीवाटीनं उभी नसतात.

आपल्या गाड्या २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर चालतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पश्चिम रेल्वेच्या लोकल २०१२ साली पूर्णपणे एसीवर आल्या, मध्य रेल्वेच्या २०१६ साली. छतावरचा पेंटोग्राफ तारेतून वीज घेतो, ती सर्किट ब्रेकरमधून ट्रान्सफॉर्मरला आणि तिथून पुढे चाकांच्या मोटारींना जाते.

गंमत म्हणजे लोकलला एक इंजिन नसतंच. बारा डब्यांच्या लोकलमध्ये प्रत्येकी तीन डब्यांची चार युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचा मोटर कोच वेगळा. त्यातलं एक युनिट बिघडलं, तर मोटरमन ते बंद करून उरलेल्या तिघांवर गाडी नेऊ शकतो. आपल्याला फार तर एवढंच जाणवतं, की आज गाडी वेग घ्यायला जरा आळस करतेय.

ब्रेकर पडला, म्हणजे 'ट्रिप' झाला, की मोटरमन आधी पॅनेलवर बघतो: तारेत वीज आहे का? नसेल, तर दोष गाडीचा नाही, वरच्या तारेचा किंवा सबस्टेशनचा. मग कंट्रोलला कळवायचं आणि थांबायचं. वीज असेल, तर कुठला दिवा लागलाय, कुठल्या युनिटचा दोष दिसतोय ते पाहून नियमात बसेल तेवढाच प्रयत्न करायचा. पुन्हा पुन्हा ब्रेकर चढवत बसणं धोक्याचं, कारण आत खरोखर शॉर्टसर्किट असेल, तर प्रत्येक प्रयत्नात आगीला निमंत्रण.

यासाठी त्याच्याकडे एक पुस्तिका असते, 'ट्रबल शूटिंग डिरेक्टरी'. अमुक लक्षण दिसलं तर आधी हे तपासा, मग ते, नाही जमलं तर हा भाग वेगळा करा, अशी पायरीपायरीनं लिहिलेली. रेल्वेत या ब्रेकरला 'डीजे' म्हणतात. भारतानं २५,००० व्होल्टची पद्धत फ्रेंच रेल्वेच्या मार्गदर्शनाखाली घेतली, त्यामुळे ब्रेकरचा फ्रेंच शब्दही इथे आला आणि आखूड होऊन राहिला.

दिवे गेले म्हणजे बिघाडच झाला असंही नाही. वेगवेगळ्या सबस्टेशनांची वीज एकमेकांत मिसळू नये म्हणून तारेत मध्ये एक छोटा मृत पट्टा ठेवतात. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. त्याआधी ५०० आणि २५० मीटरवर पाट्या असतात. चालक ब्रेकर उघडतो, गाडी आपल्या वेगावर पुढे सरकते आणि पलीकडे पुन्हा वीज घेते. काही सेकंद पंखे थांबतात ते म्हणून.

ब्रेकचा बिघाड मात्र वेगळा. इथे तडजोड नाही. रेल्वेच्या ब्रेकची रचनाच अशी आहे, की नळीत हवेचा दाब असेल तोवर ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली, डबा सुटला किंवा आपण साखळी ओढली, की हवा निघून जाते आणि ब्रेक आपोआप लागतात. मोटरमनच्या हातातला दांडाही तसाच. तो दाबून धरावा लागतो. त्याला चक्कर आली, हात सुटला, तर गाडी स्वतः थांबते. हवा कुठून गळतेय ते शोधायला मग कुणाला तरी डब्याडब्यानं जावं लागतं. उगाच ओढलेल्या साखळीचे दहा-पंधरा मिनिटं असे जातात.

पेंटोग्राफ तारेत अडकला, तर तो उतरवायचा, कंट्रोलला कळवायचं आणि वाट पाहायची. छतावर कुणीही चढायचं नाही, अगदी चालकानंही नाही. आधी ती तार बंद करून जमिनीशी जोडली जाते, मगच ओव्हरहेडचे कर्मचारी वर जातात. या विजेचा झटका बसायला तारेला हात लागावाच लागतो असं नाही. म्हणून जिवंत तारेपासून किमान दोन मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. मालगाडीच्या टपावर सेल्फी काढणाऱ्या पोरांना हे घरी नक्की सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी मधेच थांबली, की चालकाला पहिली काळजी शेजारच्या रुळाची असते. काही निखळून पडलंय, शेजारचा रूळ अडलाय अशी शंका आली, तर समोरून येणाऱ्या गाडीला सावध करायला तो फ्लॅशर दिवा लावतो, वॉकीटॉकीवर कळवतो. गरज पडली तर पळत जाऊन रुळावर फटाके लावावे लागतात, एक ६०० मीटरवर आणि तीन १२०० मीटरवर. चाक वरून गेलं, की मोठा आवाज होतो आणि येणारा चालक ब्रेक लावतो. मागच्या बाजूची जबाबदारी गार्डची, ज्याला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात.

पण हे सगळं होईपर्यंत आपण कुठे असतो? २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात माहेजी आणि परधाडे स्थानकांदरम्यान पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेली माणसं खाली उतरली, काही थेट शेजारच्या रुळावर. तिकडून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जण गेले. गाडीत आग नव्हतीच. आपल्या मंडळात खानदेशातली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना ही बातमी परक्याची वाटली नसेल.

म्हणून गाडी थांबली, तर आतच बसा. खरोखर धूर-आग दिसली, तर शक्य असेल तेव्हा पुढच्या-मागच्या डब्यात जा. उतरावंच लागलं, तर दोन रुळांच्या मधल्या बाजूला नाही, कडेच्या बाजूला उतरा आणि रुळांपासून दूर उभे राहा. मुलांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा हात सोडू नका. मदतीसाठी १३९ हा क्रमांक लक्षात ठेवा.

आणि पुढच्या केबिनमधल्या माणसाबद्दल थोडा विश्वास ठेवा. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कराडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन त्या रेल्वेत गेल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. डेक्कन क्वीनपासून १३ मार्च २०२३ रोजी सोलापूर-मुंबई वंदे भारतपर्यंत सगळं चालवून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. आपण शिव्या घालतो त्या दहा मिनिटांत पुढे बसलेली व्यक्तीही अशीच शिकून, परीक्षा देऊन आलेली असते.

आपल्या मंडळात कुणी रेल्वेत नोकरी केली असेल, तर मला जरूर कळवा. पुस्तिकेत नसलेले बिघाड त्यांच्याकडूनच ऐकायला मिळतील. ते पुढच्या एखाद्या अंकात लिहीन.