कॅसेट आहे ना घरी!

दिवाळीला चार दिवस वर्ध्याला गेलो होतो. पुण्यात लॅपटॉप बंद केला, महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी घरी. या वेळी एक मिशन होतं. काकांचं रेकॉर्डिंग!

आमचे काका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी... जिथे गणपती बसायचा, तिथे काका आणि त्यांचा कॅसिओ पोचायचा. पंचमदांच्या गाण्यांतले पीस ते असे वाजवायचे, की लोक म्हणायचे, ‘हुबेहूब कॅसेट!’ त्या काळी यापेक्षा मोठी दाद नव्हती.

तर मी मोबाइल लावून बसलो. काकांनी सुरुवात केली आणि माझा मूडच गेला. लय संथ. सुरुवातीचा तो फेमस पीस गायब. मी म्हटलं, ‘काका, ते कॅसेटमधलं वाजवा ना तुम्ही.’

काका थांबले. ‘जसंच्या तसं पाहिजे तं कॅसेट आहे ना घरी,’ म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

चहा देताना काकू हळूच म्हणाली, ‘उजव्या हाताची दोन बोटं वळत नाही रे त्यांची. दोन वर्षं झाली.’ दोन वर्षं! दर रविवारी फोन करणाऱ्या मला पत्ताच नव्हता.

रात्री गच्चीवर हेडफोन लावून पडलो होतो, तेव्हा हर्बी हॅनकॉक आठवला. जॅझमधला हा बाप माणूस. १९६२ साली आलेल्या त्याच्या पहिल्याच अल्बममध्ये ‘वॉटरमेलन मॅन’ होतं. शिकागोत लहानपणी दगडी रस्त्यावरून खडखडत जाणारी कलिंगडवाल्याची गाडी त्याच्या डोक्यात होती. ट्यून हिट झाली. आता हेच आयुष्यभर वाजवायचं की नाही? पण १९७३ साली ‘हेड हंटर्स’ अल्बममध्ये पठ्ठ्याने तीच ट्यून अख्खी मोडून पुन्हा बांधली. सुरुवातीला चक्क बिअरच्या बाटलीत फुंकर! मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या लोकांच्या वादनावरून सुचलेली. खाली फंकचा जड ठेका आणि कडेला सिंथेसायझर. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली, पण अल्बम धो धो खपला.

आणि १४ ऑगस्ट २०२४ ला, वयाच्या ८४व्या वर्षी, तोच हर्बी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये हेड हंटर्सच्या जुन्या मंडळींना घेऊन पुन्हा उभा राहिला. बेसवाला पॉल जॅक्सन २०२१ मध्येच गेला होता, त्याच्या जागी मार्कस मिलर होता. म्हणजे ‘हुबेहूब’ होणं शक्यच नव्हतं. एक माणूसच कमी होता!

सकाळी काकांना ‘वॉटरमेलन मॅन’ची दोन्ही रूपं ऐकवली. आधी ६२, मग ७३. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, ‘टरबूज तेच आहे, गाडी बदलली.’ (पुणेकरांसाठी खुलासा : तुमचं कलिंगड, आमचं टरबूज.)

मग काका खुलले. म्हणाले, ‘आपला लुई बँक्सही असाच.’ दार्जिलिंगचा हा जॅझवाला. कोलकात्याच्या ब्लू फॉक्समध्ये वाजवायचा, तिथे त्याला ऐकून पंचमदांनी मुंबईला बोलावलं. अशोक पत्कींच्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चं संगीत संयोजन त्याचंच, १९८८ चं. २०१० साली ‘फिर मिले सुर’ आलं, त्यातही तोच होता.

‘पण काका, ते नवीन कोणाला आठवते?’ मी मुद्दाम छेडलं. सोळा-एक मिनिटांचं ते लांबलचक प्रकरण माझ्याही डोक्यात राहिलं नाही. पाठ आहे ते दूरदर्शनवालं, भीमसेनजींच्या आवाजात सुरू होणारं.

‘नसंल आठवत,’ काका म्हणाले. ‘जमते कधी, कधी नाही जमत. म्हणून हात लावाचाच नाही का बाप्पा?’

मी गप्प. ऑफिसात गेल्या वर्षीचंच प्रेझेंटेशन तारीख बदलून पुढे ढकलणारा माणूस यावर काय बोलणार?

काका कॅसिओपाशी बसले. तेच गाणं. डावा हात भरगच्च कॉर्ड धरत होता, उजव्याची तीन बोटं मोजके सूर ठेवत होती. जिथे पूर्वी धावता पीस यायचा, तिथे आता मोकळी जागा होती. काकू स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभी राहिली.

संपल्यावर काकांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

‘घेतलं का? हे कॅसेटमधे नाही बरं.’