तंदूरसाठी बाटला की पाइप?

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला लावले आणि पाठोपाठ महापालिकेच्या नोटिसा कोळशाचा तंदूर चालवणाऱ्या हॉटेलांच्या दारातही पोहोचल्या. तेव्हापासून आपल्या व्यवसायात एकच प्रश्न फिरतो आहे: एलपीजीचा बाटला घ्यावा की पाइपचा गॅस? बहुतेक जण दरपत्रक पाहून ठरवतात आणि तिथेच हिशेब चुकतो, कारण बाटला किलोवर मिळतो, पाइपचा गॅस घनमीटरवर. 19 किलोच्या बाटल्याइतकी उष्णता मिळवायला पाइपचा गॅस साधारण 24 घनमीटर लागतो. म्हणून बाटल्याच्या चालू भावाला 24 ने भागावे आणि येणारा आकडा पाइपच्या दराशी ताडून पाहावा. त्यात तळाशी उरून परत जाणारा गॅस, चढ-उताराची मजुरी आणि साठ्याने अडवलेली जागा धरायला विसरू नये. मुंबई-पुण्यात जागेचे भाडेच हिशेब फिरवते.

‘पाइपच्या गॅसला आच नाही,’ असे तंदूरवरचे कारागीर सांगतात. त्यांचा अनुभव खरा आहे, पण दोष गॅसचा नाही. दोन्ही ज्योतींचे तापमान जवळपास सारखेच असते. फरक एवढाच, की एक घनमीटर एलपीजीत नैसर्गिक वायूच्या अडीचपटीहून जास्त उष्णता सामावते. तेव्हा तेवढीच आच हवी तर बर्नरमधून जास्त गॅस यायला हवा आणि त्यासाठी जेटचे भोक मोठे लागते. जुन्याच जेटवर पाइप जोडला, तर ज्योत मरगळणारच. जेट बदलून घ्यावेत, आणि जोडणीचा अर्ज करतानाच सगळ्या बर्नरचा एकत्रित भार कंपनीला कळवावा. शिवाय ऐन गर्दीत दाब पडण्याची तक्रार बाटल्याचीही आहेच. आतला द्रव वायू होताना बाटल्यातलीच उष्णता ओढून घेतो. एका बाटल्यावर मोठ्या भट्ट्या सलग चालवल्या की तो गारठतो आणि ज्योत उतरते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मला शंका नाही. एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळला की जमिनीलगत पसरतो, गटारात, खोलगट जागेत साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 टक्के झाले तरी पेट घेऊ शकतो. नैसर्गिक वायू हलका असतो, वर जातो आणि पेट घ्यायला सुमारे 5 टक्के लागतो. मात्र छताखाली वाट नसेल तर तोही साचतो, म्हणून वरच्या झरोक्याला पर्याय नाही. इंधन बदलताना जमिनीजवळचा गळतीसूचक तसाच राहिला, तर त्याचा काही उपयोग नाही. नैसर्गिक वायूसाठीचा सूचक छताजवळच हवा.

रस्ता खोदताना वाहिनी तुटली तर चूल बंद, हा आक्षेप योग्य आहे. पण त्यावर उपाय म्हणून त्याच बर्नरला बाटला जोडणे घातक आहे: मोठ्या जेटमधून एलपीजी सुटला की ज्योत बेफाम होते आणि काजळी धरते. अडीअडचणीसाठी विजेची एखादी शेगडी ठेवावी. कार्यालयागणिक भटारखाना हलवणाऱ्या केटररांना बाटलाच सोयीचा. ज्यांचे स्वयंपाकघर एका जागी आहे आणि ज्यांच्या गल्लीत वाहिनी आली आहे, त्यांनी पाइपच घ्यावा, आणि जेट व सूचक बदलल्याशिवाय तंदूर पेटवू नये.