प्रवासाला निघालेल्या बाईचा खिसा

गिरडच्या स्टँडवर एसटी लागली की जरा बघा. पुरुष खिशात मोबाइल टाकतो, दांडी धरतो आणि चढतो. बाईच्या एका हातात मोबाइल, मुठीत तिकिटाचे पैसे, खांद्यावरून घसरणारी पर्स. दांडी धरायला हात उरतच नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. फरीदबाबांच्या टेकडीवर, कॉलेजला, माहेरी बायका निघाल्यात. अर्धं भाडं माफ झालं, पण उरलेलं अर्धं ठेवायचं कुठे?

मी कुर्त्याला खिसा मागितला, तर टेलर म्हणाले, ‘‘बाईच्या ड्रेसले खिसा कायले पाह्यजे?’’ त्यांच्यावर माझा राग नाही. पण या प्रश्नावर आहे, कारण तो फार जुना आहे. बाई प्रवासाला निघाली की तिचा कपडा तिच्या सोयीचा असावा, की बघणाऱ्यांच्या समाधानाचा?

आनंदीबाई जोशींचंच घ्या. २४ फेब्रुवारी १८८३ला श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) कॉलेजात त्या भाषणाला उभ्या राहिल्या. डॉक्टर व्हायला अमेरिकेला का जायचं, हे सांगायचं होतं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. आपण धर्म, खाणंपिणं, पोशाख यातलं काही बदलणार नाही, हेही त्यांना भरसभेत सांगावं लागलं. अठरावं वर्ष पूर्ण झाल्यावर आठवड्याभरात, ७ एप्रिलला, त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा सोबत नव्हता. परक्या देशात शिकायला निघालेल्या पुरुषाकडून कोणी धोतराची हमी मागितली असती का?

मग फिलाडेल्फियाची थंडी आली. नऊवारीच्या काष्ट्यात पोटऱ्या उघड्या राहतात. आनंदीबाईंनी शहाणपणाने गुजराती पद्धतीची, पाय झाकणारी साडी नेसायला सुरुवात केली. आज मात्र त्यांचं कौतुक करताना ‘परदेशातही नऊवारी सोडली नाही’ असे मेसेज फिरतात. त्यांनी सोडली होती. थंडी वाजत होती म्हणून सोडली, आणि ११ मार्च १८८६ला डॉक्टर झाल्या. आपल्याला त्यांच्या पदवीपेक्षा त्यांच्या साडीचा अभिमान जास्त का वाटतो?

आनंदीबाई निघण्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, आपल्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली होती. पुरुषांनी पाहिजे तेव्हा पाटलोण-बूट चढवायचे आणि धर्म सांभाळायचा तो फक्त बायकांनी, हा ढोंगीपणा त्यांनी झणझणीत शब्दांत झोडपला. आज जीन्स घालून आम्हाला ‘संस्कृती’ शिकवणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा वाचावं.

विलायतेत सगळं आलबेल होतं असंही नाही. तिथे त्याच काळात बायकांसाठी खास प्रवासाचा सूट आला होता. जाड लोकरीचं जाकीट आणि स्कर्ट, पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्यांकडून मापाने शिवलेला. रेडफर्नचं दुकान त्यासाठी प्रसिद्ध होतं. धूळ, पाऊस, आगगाडी, बोट, सगळ्याला तो पुरायचा. पण आत कंबर आवळणारं कॉर्सेट होतंच. शेवटी बायकांनाच १८८१ साली लंडनमध्ये सुटसुटीत कपड्यांसाठी संस्था काढावी लागली. थोडक्यात, सोय कोणी आपणहून दिली नाही. भांडूनच घ्यावी लागली.

कोणी म्हणेल, मग नऊवारी वाईट का? अजिबात नाही. काष्टा घातलेली बाई शेतात वाकते, बैलगाडीत चढते, नदी ओलांडते. आपल्या उन्हात याहून मोकळा कपडा शोधून दाखवा. शिवाय तिला कनवटी होती. आज्यांचे पैसे कनवटीला असायचे, सुपारी चंचीत. म्हणजे खिसा ही काही पाश्चात्त्य फॅशन नाही. आपण कनवटी सोडली, अंगात शिवलेला कुर्ता आला आणि मधल्या मधे बाईची पैसे ठेवायची जागा गेली. नऊवारी ही सोय होती तोवर छान होती. तिची शपथ केली की ती बेडी होते.

‘पर्स आहे ना’ हे उत्तर मला देऊ नका. पर्स गर्दीत ओढली जाते, सीटवर विसरते, मांडीवर धरून बसावी लागते. खिसा अंगाबरोबर येतो. तिकीट, मोबाइल, परतीचे पैसे अंगावर असलेली बाई कधीही, कुठूनही एकटी घरी येऊ शकते. माझ्यासाठी खिशाचा अर्थ एवढाच आहे, आणि म्हणूनच तो क्षुल्लक नाही.

तेव्हा पोरींनो, पुढचा ड्रेस शिवायला टाकाल तेव्हा गळ्याची डिझाइन नंतर दाखवा. आधी मोबाइल काउंटरवर ठेवा आणि सांगा, ‘‘मास्तर, हा उभा मावला पाहिजे. दोन्ही बाजूंनी. फॉल बिघडला तर बिघडू द्या.’’