पडद्यावरील चित्र आणि त्याचा कर्ता

घराच्या भिंतीवर कोणते चित्र असावे याविषयी आपली वडीलधारी मंडळी काटेकोर असत. वाडवडिलांची तसबीर कोठे, दिनदर्शिका कोठे, हे ठरलेले असे. वाटेल ते चित्र वाटेल तेथे कोणी टांगीत नसे. आता पुष्कळ घरांत मुलांच्या अभ्यासासाठी संगणक आला आहे आणि त्याचा पडदा ही घरातील आणखी एक भिंतच झाली आहे. तिच्यावरील चित्रास डेस्कटॉप वॉलपेपर म्हणतात. तेथे आवडत्या व्यंगचित्रातील एखादे पात्र असावे ही मुलांची हौस. पण कोठून तरी उचललेले इवलेसे चित्र पडदाभर ताणले की ते धूसर व बेढब दिसते. असे चित्र स्वतः नीट कसे सजवावे आणि त्या पात्राच्या कर्त्याचे आपण काय देणे लागतो, या दोन्ही गोष्टी आज आम्ही सांगणार आहोत.

उदाहरणादाखल आम्ही ‘टक्स’ नावाचा पेंग्विन पक्षी घेतो. लिनक्स या संगणकप्रणालीचे हे बोधचिन्ह. तिचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना पोटभर खाऊन तृप्त बसलेला, गुबगुबीत पेंग्विन हवा होता. लॅरी युइंग यांनी १९९६ साली तसा पक्षी रेखाटला, तो ‘गिंप’ या सॉफ्टवेअरवर. हे सॉफ्टवेअर अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली करावयास घेतले. ते आजही कोणासही विनामूल्य मिळते.

प्रथम आपल्या पडद्याचे माप पाहावे. संगणकाचे चित्र पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांचे बनते. पडदा १९२० रुंद व १०८० उंच असेल, तर त्यात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. गिंपमध्ये याच मापाचा नवा कागद उघडावा. पक्षी पडद्यावर ७०० ठिपके उंच दिसावा असे वाटत असेल, तर मूळ चित्रही निदान तेवढे उंच असावे. मोठे चित्र लहान करता येते. लहान चित्र ताणले तर नसलेले बारकावे त्यात येत नाहीत.

या कामाचे मर्म ‘लेयर’ म्हणजे थर यांत आहे. काचेच्या तावदानांवर निरनिराळी चित्रे काढून ती एकावर एक ठेवावीत, तशी ही योजना आहे. तळच्या थरावर गडद निळ्याकडून फिकट निळ्याकडे जाणारा रंग भरावा. वरच्या थरावर पक्षी आणावा. त्याच्याभोवती पांढरा चौकोन असल्यास त्या थरास आधी ‘अल्फा चॅनेल’ जोडावा, म्हणजे खोडलेला भाग पारदर्शक होतो. पांढरा भाग निवडण्याची दोन साधने आहेत, आणि घोटाळा होतो तो येथेच. ‘सिलेक्ट बाय कलर’ हे साधन चित्रातील सगळाच पांढरा रंग निवडते. मग चौकोनाबरोबर बिचाऱ्या पक्ष्याचे पोट व डोळेही नाहीसे होतात! ‘फझी सिलेक्ट’ मात्र एकमेकांस लागून असलेला भागच निवडते. काळ्या पिसांच्या कुंपणाआतील पोट सुखरूप राहते.

पक्षी अधांतरी तरंगू नये म्हणून मध्ये आणखी एक थर घालावा, त्यावर पायांखाली काळा लंबगोल काढावा, तो ‘गॉशियन ब्लर’ने धूसर करावा आणि ‘ओपॅसिटी’ ४० टक्क्यांच्या आसपास आणावी. एवढ्या सावलीने पक्षी जमिनीवर टेकतो. पडद्याच्या डाव्या बाजूस बहुधा कामाच्या फायलींची चिन्हे असतात. म्हणून पात्र उजवीकडे बसवावे व डावी बाजू शांत ठेवावी. शेवटी मूळ काम ‘एक्ससीएफ’ स्वरूपात जपावे, कारण त्यात थर सुटे राहतात, आणि पडद्यासाठी ‘पीएनजी’ प्रत काढावी. ‘जेपीईजी’ प्रतीत जागा वाचते, परंतु ती पुनःपुन्हा उघडून साठवली की कडांपाशी मळ साचत जातो.

आता देण्याविषयी. युइंग यांनी आपला पक्षी वापरण्याची व बदलण्याची मुभा सर्वांस दिली. अट एकच: कोणी विचारल्यास माझे व गिंपचे नाव सांगावे. त्या काळच्या गिंपमध्ये थरांची सोयही नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे ही अट किती अल्प आहे ते कळते. प्रत्येक कर्त्याने अशी मुभा दिलेली नसते. गोमंतकाचे मारिओ मिरांडा २०११ साली निवर्तले. त्यांच्या मिस फोन्सेका व मिस निंबूपानी आजही आपणांस हसवितात. भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या चित्रांवरील हक्क अबाधित राहतो. स्वतःच्या खासगी उपयोगापुरती कायद्यात सवलत आहे. परंतु तेच चित्र छापून विकणे किंवा कर्त्याची सही पुसून स्पर्धेत आपले म्हणून पाठविणे, ही गोष्ट निराळी.

आईबापांस आमची विनंती आहे की, मूल तासभर संगणकापुढे असे काही करीत बसले तर ‘वेळ फुकट घालवतोस’ म्हणून त्यास उठवू नये. माप, प्रमाण, छाया आणि चिकाटी यांचे शिक्षण त्यास तेथे मिळत असते. मात्र चित्र पुरे झाल्यावर त्यास एक प्रश्न जरूर विचारावा: “बाळा, हे पात्र मुळात कोणी काढले?” त्यास नाव सांगता आले, तर त्याने नुसते चित्रच केले नाही, दुसऱ्याच्या कष्टांची जाणही ठेवली. सांगता आले नाही, तर दोघांनी मिळून ते शोधावे आणि चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहावे. गिंपमध्ये त्यासाठी एक थर अधिक लागेल, इतकेच.