दोर कोणाच्या हाती?

चैत्र शुद्ध नवमीस दुपारी बारा वाजता पंचवटीच्या काळाराम मंदिरात रामजन्म होतो आणि एकादशीस रामरथ व गरुडरथ निघतात, हे नाशिककरांस सांगावयास नको. परंतु या शहरात असाही एक सुशिक्षित वर्ग आहे की, ज्याची देवावर श्रद्धा उरलेली नाही. ‘आम्ही मानीत नाही, मग या उत्सवाशी आमचा संबंध काय?’ असे तो विचारतो. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर नाशिकच्याच इतिहासात आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष शिस्तीने या मंदिराकडे निघाले. मंदिराचे दरवाजे त्यांस बंद झाले. पुढे एप्रिलमध्ये रथोत्सव आला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मंडळींनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात दोरास लागण्यापूर्वीच सवर्ण तरुणांनी रथ पळवून नेला आणि रामनामाच्या त्या दिवशी दगडांचा वर्षाव झाला. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत.

मार्च १९३४ मध्ये दादासाहेबांस लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरप्रवेशाने त्यांचा उद्धार होईल, म्हणून हा लढा मांडलेला नव्हता. आपल्या स्थितीची त्यांस जाणीव व्हावी, म्हणून तो होता. म्हणजे, देवदर्शनाची ओढ नसलेल्या पुरुषास रामनवमीचा जो अर्थ कळला, तो नित्य पूजा करणाऱ्यांस कळला नाही! उत्सव हा साऱ्या गावाचा असतो. ज्यास त्यात जागा नाही, त्यास गावातही जागा नाही, असा तो अर्थ होय.

१९३५ साली याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. १९४७ साली मुंबई प्रांताच्या कायद्याने मंदिरे खुली झाली आणि १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. ज्यांनी वेगळा मार्ग पत्करला, त्यांस आता रथाकडे बोलावण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. परंतु कायदा दरवाजा उघडू शकतो. दोरावर शेजारी हात लागला असता मनात आलेला संकोच तो काढू शकत नाही. ते काम आपले आहे.

म्हणून अश्रद्धाने घरी बसू नये, असे आम्हांस वाटते. नमस्कार करावयाचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. परंतु मंडळाच्या कार्यकारिणीत कोणत्या आळीची माणसे आहेत, वर्गणीखेरीज कोणास विचारले जाते, मिरवणूक दारावरून जाताना परधर्मीय शेजारी खिडकी उघडतो की लावून घेतो, हे पाहण्यास श्रद्धा लागत नाही. विचारी माणसे दूर राहिली की, उत्सव ज्यांचा आवाज मोठा त्यांच्या हाती जातो. आणि मग त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकारही त्यांस राहत नाही.

श्रद्धाळूंसही आमचे सांगणे वेगळे नाही. आपला हात दोरास लागला, यात पुण्य मानावयाचे तर जरूर मानावे. पण त्याआधी कोणाचा हात बाजूला सारला गेला नाही ना, हे एकदा वळून पाहावे.