स्तनपानाचे संरक्षण: कायदा कडक, पण बाजाराने वाट बदलली

बाळाच्या दुधाची पावडर, दूध पाजण्याची बाटली आणि दोन वर्षांखालील मुलांसाठीचा डबाबंद आहार यांच्या जाहिरातीला भारतात पूर्ण बंदी आहे. वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर किंवा रस्त्यावरील फलकांवर अशा जाहिराती दिसत नाहीत, त्याचे कारण हेच. तरीही नवजात बाळाला पहिल्या काही दिवसांतच ‘वरचे दूध’ सुरू करण्याचा सल्ला देशभरातील अनेक कुटुंबांना मिळत असतो. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात जागतिक स्तनपान सप्ताह साजरा होतो, तेव्हा मातांना स्तनपानाचे महत्त्व सांगितले जाते. परंतु मातेचा निर्णय ज्या परिस्थितीत घडतो, तिची चर्चा त्या मानाने कमी होते.

या प्रश्नाची मुळे १९७० च्या दशकात आहेत. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील गरीब वस्त्यांमध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पावडरच्या दुधाचा आक्रमक प्रसार केला. दूषित पाणी, अस्वच्छ बाटल्या आणि डबा पुरवून वापरण्यासाठी पातळ केलेले दूध यांमुळे अर्भके अतिसार व कुपोषणाला बळी पडू लागली. जगभर निषेध झाला, बहिष्काराची चळवळ उभी राहिली आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विपणनाविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी स्वीकारली. विरोधाचे एकमेव मत अमेरिकेचे होते.

संहितेला देशांतर्गत कायद्याचे बळ देणाऱ्या देशांत भारताचे स्थान वरचे आहे. संसदेने १९९२ मध्ये संमत केलेला कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. मोफत नमुने वाटणे, भेटवस्तू देणे, गर्भवती वा मातांशी कंपनीने थेट संपर्क साधणे आणि विक्रीच्या प्रमाणात कर्मचाऱ्यांना कमिशन देणे हे सारे निषिद्ध आहे. डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही; आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम, अशी सूचना मात्र छापावीच लागते. डॉक्टरांच्या संघटनांना परिषदा, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती किंवा संशोधनासाठी या कंपन्यांनी पैसा देण्यासही मनाई आहे. या कायद्यामागे नागरी संघटनांचा रेटा होता. त्यांपैकी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था १९९१ मध्ये वर्धा येथे स्थापन झाली.

पावडरच्या दुधाच्या विक्रीवर कायद्याने बंदी घातलेली नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. काही बाळांना वैद्यकीय कारणांनी त्याची गरज भासते, काही मातांना स्तनपान शक्य नसते आणि काही ते स्वेच्छेने निवडत नाहीत. त्या मातांना अपराधी ठरवणे हा कायद्याचा हेतू नाही. गरज वैद्यकीय आहे की विक्रेत्याने निर्माण केलेली आहे, एवढाच भेद कायदा करू पाहतो.

हा भेद महत्त्वाचा ठरतो तो स्तनपानाच्या शरीरक्रियेमुळे. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध थोडे असते. पण त्या दिवसांतील घट्ट पिवळसर चीक रोगप्रतिकारक घटकांनी समृद्ध असतो आणि बाळाच्या इवल्याशा पोटाला तेवढा पुरतो. याच काळात बाळ रडले की ‘दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. एकदा बाटली सुरू झाली की बाळ अंगावर कमी पिते, त्यामुळे दूध खरोखरच कमी होते आणि आधी निराधार असलेली शंका खरी ठरते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. बाळाचे रडणे, चिडचिड, अपुरी झोप या स्वाभाविक गोष्टी जणू आजाराची लक्षणे आहेत आणि डबा हा त्यांवरील उपाय आहे, असा समज विपणनातून पसरवला जातो, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी या संदर्भात बोलकी आहे. २०१५-१६ च्या पाहणीत सहा महिन्यांखालील ५४.९ टक्के बाळांना केवळ आईचे दूध मिळत होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ६३.७ टक्क्यांवर गेले. ही प्रगती निश्चितच समाधानकारक आहे. याच काळात रुग्णालयांतील प्रसूतींचे प्रमाण ७८.९ वरून ८८.६ टक्के झाले. मात्र जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून अवघ्या ४१.८ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे दहांपैकी जवळपास नऊ बाळे डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली जन्मतात, पण पहिल्या तासात आईचे दूध त्यांतील निम्म्यांनाही मिळत नाही. खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात, हेही यामागील एक कारण आहे. शस्त्रक्रियेनंतर माता आणि बाळ वेगळे ठेवले जातात, मदतीला प्रशिक्षित हात कमी असतात आणि ती पोकळी भरून काढायला डबा तयार असतो.

दरम्यान, बाजाराने आपली वाट बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये आठ देशांतील सुमारे ८,५०० पालक व गर्भवतींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५१ टक्के जणांपर्यंत कंपन्यांचे विपणन पोहोचले होते. हा उद्योग वर्षाला सुमारे ५५ अब्ज डॉलरचा आहे. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अहवालानुसार, पाहणीतील २६४ ब्रँड खाती समाजमाध्यमांवर दिवसाला सरासरी ९० वेळा मजकूर टाकत होती आणि २२.९ कोटी वापरकर्त्यांपर्यंत पोहोचत होती. मातांचे ऑनलाइन गट, सल्ला देणारी ॲप आणि प्रभावशाली व्यक्तींच्या चित्रफिती यांतून होणारा हा प्रसार जाहिरातीसारखा दिसतच नाही. भारतीय कायद्याच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील जाहिरातीही येतात. परंतु एखादी चित्रफीत मातेचा अनुभव आहे की पैसे देऊन केलेली प्रसिद्धी, हे सिद्ध करणे कठीण जाते. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने डिजिटल विपणनावर नियंत्रण आणण्याविषयीचा स्वतंत्र ठराव संमत केला, तो याच पार्श्वभूमीवर.

दुसरी पळवाट वयाची आहे. भारतीय कायदा दोन वर्षांपर्यंतच्या आहाराला लागू होतो, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी विकले जाणारे दूधही मातृदुग्धाचा पर्याय मानले जाते. दोन वर्षांपुढील मुलांच्या पेयाची जाहिरात करणे कायदेशीर आहे. त्या डब्याचे नाव, रंग आणि बोधचिन्ह अर्भकांच्या डब्याशी मिळतेजुळते असले, तर एकाच्या जाहिरातीतून दुसऱ्याचा प्रचार आपोआप होतो.

तिसरा प्रश्न अंमलबजावणीचा. बहुतेक तरतुदींच्या भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वैद्यकीय परिषदेच्या प्रायोजकत्वावर कंपन्या करू शकतील त्या खर्चापुढे हा दंड नगण्य आहे. न्यायालय दखल घेते तेही अधिकृत अधिकाऱ्याने किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेने लेखी तक्रार केली तरच. सामान्य पालकाने उल्लंघन पाहिले, तरी त्याला थेट न्यायालयात जाता येत नाही.

केवळ मनाईने स्तनपान वाढत नाही, हेही तितकेच खरे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘मा’ कार्यक्रम सुरू केला. त्यात आशा सेविका आणि परिचारिकांच्या समुपदेशनावर भर आहे. प्रसूती रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे करण्यात आले. परंतु शेतमजूर, बांधकाम कामगार आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांपर्यंत ही रजा पोहोचतच नाही. त्यांच्यासाठीच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांची हमी दिलेली आहे. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच कामावर जाणाऱ्या स्त्रीला सहा महिने केवळ स्तनपान करण्याचा उपदेश करणे सोपे आहे. तो तिला पाळता यावा अशी व्यवस्था उभी करणे अवघड आहे.

ज्या बाळांना आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठीही डब्यापलीकडचा मार्ग उपलब्ध आहे. मुंबईतील शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना दात्या मातांचे निर्जंतुक केलेले दूध तेथून दिले जाते. केंद्राने २०१७ मध्ये अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखली. मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मानवी दुधाची खरेदी-विक्री थांबवण्याची सूचना दिली, तेव्हा या क्षेत्रातही बाजार शिरू पाहत असल्याचे स्पष्ट झाले.

कायद्याची पुढील दुरुस्ती कोणत्या दिशेने व्हावी, हे या सर्वांतून पुरेसे उघड होते. वयोमर्यादा तीन वर्षांपर्यंत नेणे, दंड कंपनीच्या उलाढालीशी जोडणे, डिजिटल मंचांना उत्तरदायी धरणे आणि तक्रारीचा मार्ग नागरिकांसाठी खुला करणे या गोष्टी संसदेच्या हातात आहेत. जन्मानंतरचा पहिला तास मात्र रुग्णालयांच्या हातात आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. प्रसूतिकक्षात आईजवळ बसून बाळाला अंगावर घ्यायला मदत करणारी एक प्रशिक्षित परिचारिका पुरेशी असते.